निळ्या पेटीतली सावली

आफरीनचं बोट सुजलं तेव्हा तिच्या सतारीच्या परीक्षेला अकरा दिवस राहिले होते. डाव्या हाताची तर्जनी, म्हणजे तारा दाबायचं बोट. नखाची कड लाल, मधे पिवळसर. नखुरडंच ते (नखाच्या कडेनं जंतू आत शिरले की पू धरतो, तो आजार).

मिरजेत आमची घरं समोरासमोर. तिचे अब्बा सतारी बनवतात. मी चाळीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काचेच्या बश्यांत जंतू वाढवून तपासले. त्यामुळे गल्लीतलं दुखणं आधी माझ्या ओट्यावर येतं.

"डॉक्टरांनी चीर दिली. नख जाईल म्हणाले," आफरीन म्हणाली. ती रडत नव्हती, म्हणून मलाच जास्त भरून आलं. "पण आज्जी, हे झालंच कसं? भाईजानच्या लग्नासाठी खालाच्या पार्लरमध्ये नखं करून घेतली. तिथली हत्यारं निळ्या दिव्याखाली असतात. त्यात जंतू मरतात ना?"

मला माझी थोरली बहीण, कुमुदताई, आठवली. आमच्या गावात एकाच नराणीनं (नखं काढायचं लोखंडी हत्यार) सगळ्या आळीची नखं निघत. ताईला नखुरडं झालं. आईनं आठ दिवस गरम पोटीस बांधलं. शेवटी बोटाचं एक पेर काढावं लागलं. ती सुंदर भरतकाम करायची. नंतर तिच्या हातात सुई मी कधी पाहिली नाही.

आम्ही दोघी रुखसानाच्या, म्हणजे आफरीनच्या खालाच्या (मावशीच्या), पार्लरमध्ये गेलो.

"काकू, माझ्याकडे माणूस हातच लावत नाही," रुखसाना म्हणाली. "बकुळा करते सगळं. यंत्राला कंटाळा नसतो!"

बकुळा म्हणजे कोपऱ्यातला सहा हातांचा यंत्रमानव. मी तिलाच विचारलं, "हत्यारं कशी साफ करतेस?"

"पुसते. पेटीत ठेवते. दहा मिनिटं दिवा लावते."

"साबणानं घासत नाहीस?"

"घासायला सांगितलेलं नाही."

"फार तोंड चालवू नकोस," रुखसाना म्हणाली.

"मला तोंड नाही," बकुळा म्हणाली.

एरवी आफरीन खळखळून हसली असती. ती पेटीकडे बघत होती. आत चिमटे, कात्र्या, नखं घासायच्या कानशी एकावर एक रचलेल्या, कात्र्यांची पाती मिटलेली. मला उत्तर दिसलं होतं, पण मी गप्प राहिले. स्वतः शोधलेलं विसरत नाही.

संध्याकाळी ती धावत आली. हातात जुन्या सतारीची दांडी होती. अब्बांनी नवे पडदे (दांडीवर बांधलेल्या पितळी सळया) बसवण्यासाठी जुने काढले होते.

"आज्जी, ही सतार वीस वर्षं खिडकीत उभी होती. दांडीचा रंग उडालाय, पण पडद्यांखाली बघा, तसाच गडद! उजेड तिथे पोचलाच नाही!"

"आता हे खालाला सांग."

पार्लरमध्ये तिनं दांडी पेटीशेजारी ठेवली. मी जोड दिली. पेटीतले खरे काम करणारे किरण अतिनील असतात (डोळ्यांना न दिसणारे, जंतूंची वाढ थांबवणारे). पण ते सरळ रेषेत जातात. ज्यावर पडतात, तेवढंच शुद्ध होतं. एका चिमट्याची सावली दुसऱ्यावर पडली, किंवा पात्यावर कुणाच्या कातडीचा कण राहिला, की त्याच्या आडोशाला जंतू सुखरूप. मग नखाच्या मुळाशी असलेली पातळ त्वचा कापली, की त्यांना दार उघडंच. ती त्वचा म्हणजे बोटाचा उंबरठा. ती कापूच नये.

"दहाऐवजी वीस मिनिटं ठेवलं तर?" रुखसानानं विचारलं.

"खाला, पडद्याखाली वीस वर्षांत उजेड गेला नाही."

रुखसाना पेटी उघडून हत्यारं बाहेर काढू लागली. "म्हणजे माझ्यामुळेच झालं."

मग बकुळा म्हणाली, "पेटी मी भरली होती. आता कसं करायचं ते सांगा."

मी सांगितलं. आधी साबण आणि ब्रशनं घासायचं. मग हत्यारं कागदी पाकिटात बंद करून दाबाच्या वाफेत तापवायची. वाफ फटीफटीत शिरते. पुरेसं तापलं की पाकिटावरच्या खुणेचा रंग बदलतो. लाकडी कानस घासून शुद्ध होत नाही, ती एकदा वापरून टाकायची.

परीक्षा हुकली. त्या दिवशी आफरीन माझ्या ओट्यावर बसून मैत्रिणींना परीक्षेला जाताना बघत राहिली. नखही गळून पडलं.

आता चार महिने झालेत. खालाच्या पार्लरमध्ये वाफेची भट्टी आली आहे, आणि बकुळा प्रत्येकीला खूण दाखवून तिच्यासमोरच पाकीट फोडते. दुसरीकडे कुठे गेली, तर आफरीन खुर्चीत बसण्याआधी विचारते, "पाकीट कुठंय?" लोक हसतात. ती उत्तर मिळेपर्यंत उभी राहते. कुमुदताईला असं विचारायचं असतं, हेच कुणी सांगितलं नव्हतं.

आज सकाळी समोरच्या खिडकीतून सतारीचा एकच स्वर आला. थोडा कच्चा. थांबला, आणि पुन्हा आला. नवं नख आता अर्ध्याच्या पुढे वाढलं आहे. पुढच्या परीक्षेला दोन महिने आहेत.