मी म्हणेपर्यंत

लाइट येईपर्यंत बसा निवांत. मेणबत्ती आहे. मघाशी तुम्ही विचारलं ना, एवढ्या उकाड्यात भूमिकाच्या खोलीतला कूलर बंद का, आणि बंद आहे तर रोज सकाळी मी त्याची टाकी का भरते, ते सांगते. तसं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

भूमिका माझी भाची. केशवची, माझ्या धाकट्या भावाची एकुलती एक. वहिनी बँकेत जाते, केशव त्याच्या ऑफिसात, आणि मी आम्हा सगळ्यांच्या या प्रताप नगरच्या घरातच शिवणाचे क्लास घेते, म्हणून पोरीला शाळेतून आणायचं काम माझ्याकडे. दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू झाले होते. सकाळची शाळा, सुटते मात्र ऐन उन्हात. आपल्याकडची एप्रिलची दुपार तुम्हाला माहीतच आहे. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, डांबराचा वास नाकात बसतो आणि दुकानदार अर्धं शटर ओढून आत झोपलेले असतात.

त्या दिवशी मला पोचायला उशीर झाला. फाटकाशी सामसूम. नानाजी म्हणून म्हातारे चौकीदार आहेत, त्यांची खुर्चीही रिकामी होती. मी स्कूटी कडुनिंबाखाली घेतली, एवढ्यात मागून कोणी तरी येऊन बसलं. "चल आत्या."

मी मान वळवून पाहिलं. शाळेचा गणवेश, पाठीवर दप्तर, आणि तोंडाला पांढरा स्कार्फ, गच्च. उन्हाळ्यात आपल्या पोरी अशाच तर असतात. कपाळापासून मानेपर्यंत गुंडाळून वर गॉगल. आई समोर आली तरी लेक ओळखू येऊ नये. मी कशाला ओळखायला जाते? मला आत्या म्हणणारी एकच आहे.

स्कूटी वळवताना मैदान दिसलं. मधोमध एक मुलगी उभी होती. एकटीच. हात सरळ खाली, स्कार्फ डोळ्यांवरूनसुद्धा बांधलेला.

मी ब्रेक दाबला, कारण याच मैदानावर मागच्या एप्रिलमध्ये भूमिकाच्या वर्गातली एक मुलगी गेली होती. अपेक्षा नाव. खेड्यातून आलेली, आई-वडिलांबरोबर हुडकेश्वरला राहायची. खेळताना ऊन लागलं, असं शाळेनं सांगितलं. तेव्हा मी घरात किती तणतणले होते. एवढी मोठी शाळा, एवढे लोक, आणि एकालाही पोरगी उन्हात पडलेली दिसली नाही? सगळ्यांचे डोळे काय गहाण पडले होते?

"ती कोण वं?" मी विचारलं.

"खेळ आहे आत्या..."

"असल्या उन्हात? सांग तिले घरी जायले."

"मी म्हणेपर्यंत नाही जाणार ती..."

मनात आलं, उतरावं. पण सीट तव्यासारखी तापली होती, डोकं ठणकत होतं, आणि म्हटलं असतील कोणी मास्तर आत, पाहतील. मी रेस दिली. हो, मीच. ज्यांना वर्षभर शिव्या घातल्या, त्यांच्यात आणि माझ्यात तेवढ्या वेळापुरता काही फरक राहिला नाही.

रस्ताभर ती बोलली नाही. तिचे हात माझ्या कमरेला होते, आणि कुर्त्यातून चटका बसावा इतके गरम होते. कापडावर इस्त्री विसरली की येतो ना, तसा वास येत होता. एका सिग्नलला थांबलो तेव्हा ती कानाशी म्हणाली, "मले पाणी पायजे." मला हसूच आलं. मी मले-तुले बोलते म्हणून ही पोरगी माझी नक्कल करायची, मैत्रिणींसमोर मला गावंढळ म्हणायची. म्हटलं, उन्हानं बाईसाहेब ताळ्यावर आल्या.

घरी आल्यावर ती स्कार्फ न सोडता सरळ या खोलीत गेली. कडी लागली. कूलर सुरू झाला. मी चेहऱ्यावर पाणी मारत होते तेव्हा फोन वाजला. नानाजी होते.

"बाई, तुमची पोरगी मैदानात उभी आहे जी. काही केल्या येऊनच नाही राहिली. हात लावला का किंचाळते."

मी म्हटलं, दुसरी असेल, माझी घरी आली. ते म्हणाले, गळ्यातलं ओळखपत्र वाचूनच नंबर लावला.

मी या दाराशी आले. आत कूलरचा पंखा फिरत होता, आणि त्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता. घटाघटा... कोणी तरी श्वासही न घेता पाणी पीत होतं.

"भूमिका?"

घोट थांबले.

"थांब जरा... पिऊन राहिली..."

मी चप्पल घातली की नाही, आठवत नाही. पोचले तेव्हा नानाजी पोरीच्या डोक्यावर छत्री धरून उभे होते. गळ्यातल्या ओळखपत्रावर भूमिकाचाच फोटो. हात लाल, कोरडे, आणि घाम नाही. उन्हात माणसाचा घाम थांबला की काय होतं, ते नागपूरच्या बाईला सांगावं लागत नाही. मी हाक मारली. ती पुटपुटली, "ती म्हणेपर्यंत नाही सोडायचं..." स्कार्फाच्या मागे गाठीवर गाठ होती. नखं तुटली तरी सुटेना. शेवटी माझ्या पर्समधल्या कात्रीनं कापला, तशी ती माझ्या अंगावरच कोसळली.

रामदासपेठेतल्या हॉस्पिटलात तिला बर्फात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, जरा उशीर झाला असता तर हातची गेली होती. शुद्धीवर आल्यावर तिनं सांगितलं. वर्गातून निघाली तेव्हा मागून कोणी तरी स्कार्फ बांधायला लागलं. चिन्मयी, तिची जिवलग मैत्रीण, रोज बांधून देते, म्हणून ही गप्प राहिली. मग कानाशी आवाज आला, मी म्हणेपर्यंत सोडायचं नाही. आणि पाय आपोआप मैदानाकडे चालायला लागले.

"हेच आम्ही तिला म्हटलं होतं आत्या," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मग सगळं बाहेर आलं. अपेक्षा मले-तुले बोलायची म्हणून या दोघींनी तिला वर्षभर छळलं. डबा खाताना तिच्याकडे पाठ करायची, ती बोलली की सगळ्या वर्गानं तिच्या बोलीत ओरडायचं. शेवटी पोरगी एकटी बसून तोंडच उघडेना. मग एक दिवस यांनी सांगितलं, तुला आमच्यात घेतो, पण डोळे बांधून मैदानात उभं राहायचं, आम्ही म्हणेपर्यंत. ती आनंदानं उभी राहिली. या दोघी तेव्हा शाळेच्या व्हॅननं यायच्या, त्यात बसून घरी आल्या. त्या दिवशी आमच्याकडे आमरस होता. भूमिकानं दोन वाट्या खाल्ल्या होत्या, माझ्याच हातच्या.

मला इतका संताप आला की आजारी पोरीवर हात उचलला जाईल म्हणून मी बाहेर जाऊन बसले.

घरी आलो तर खोलीची कडी आतून काढलेली. आत कोणी नाही. पलंगावर पांढरा स्कार्फ, नीट घडी घातलेला. आणि कूलर घरघरत होता, कारण सकाळी मी काठोकाठ भरलेल्या टाकीत थेंब नव्हता. तेव्हापासून रोज तेच. कूलर बंद ठेवला तरी दुपारपर्यंत टाकी कोरडी. घरात तिला कोणी आणलं? मीच ना, स्कूटीवर बसवून.

केशव म्हणाला, घरातली गोष्ट घरात राहू दे, पोरीचं पुढचं आयुष्य पडलंय. मी म्हटलं, ज्या पोरीचं पुढचं आयुष्य राहिलं नाही, ती तुझ्या घरात पाणी पिऊन राहिली. आणि भूमिकाला घेऊन हुडकेश्वरला गेले. अपेक्षाची आई, सिंधूताई, ओट्यावर बसून गहू निवडत होती. भूमिकानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बाईनं हातातले खडे बाजूला टाकले. मग एवढंच विचारलं, "पाणी मागतलं होतं का तिनं?"

भूमिका म्हणाली, "हो. आम्ही व्हॅनमध्ये बसलो तेव्हा... ऐकू आलं होतं."

सिंधूताई उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. आम्ही तशाच परत आलो.

दुसऱ्या दिवशी टाकी भरलेली राहिली. आजही भरलेली आहे. कूलर बंद ठेवून मी रोज ती उपसून पुन्हा काठोकाठ भरते, ते तेवढं पाहायला.

चिन्मयीच्या घरीही मी जाऊन आले. टाकीचं, स्कार्फाचं, सगळं सांगितलं. चिन्मयी सोफ्यावर बसून मोबाइल पाहत होती. मान वर न करता म्हणाली, भूमिकाच्या डोक्याला ऊन लागलंय. तिच्या आईनं मला फाटकापर्यंत पोचवलं आणि परत येऊ नका म्हणाली.

परवा दुपारी चिन्मयीच्या आईचाच फोन आला. आवाज बारीक झाला होता.

"तुम्ही ते टाकीचं म्हणत होत्या ना... आमची सकाळीच भरली होती हो. रिकामी होऊन राहिली."

"चिन्मयी कुठे आहे?" मी विचारलं.

"खोलीत. तिच्या बाबांनी आत्ताच आणलं शाळेतून. स्कार्फही नाही सोडला... तशीच आत गेली."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला माहीत होतं, आणि लगेच म्हणायला हवं होतं. पण मी माठाकडे गेले. फोन कानालाच होता. मोठा पेला भरला आणि सावकाश, पूर्ण प्यायले. सिंधूताईचं बंद दार आठवत प्यायले. फोनमधून बाई हॅलो, हॅलो करत होती.

पेला खाली ठेवला, तरी फोनमधला घोटांचा आवाज थांबला नव्हता.

मग मी म्हटलं, "आधी मैदानावर पाहा."