येजो

महालक्ष्म्यांचा तिसरा दिवस होता. निर्माल्याची टोपली डोक्यावर घ्यायची, गावाखालच्या वाण नदीत सोडायची आणि दिवेलागणीच्या आत घरी यायचं, एवढंच काय ते काम. ते घरच्या सुनेनं करायचं, आणि सून आता समीक्षा होती. एवढ्याशा कामात काय व्हायचंय, असं कोणीही म्हणेल. समीक्षाही स्वतःला तेच सांगत होती. फक्त टोपलीच्या तळाशी, आघाडा आणि शेवंतीच्या फुलांखाली, तिनं एक जिन्नस लपवला होता. तो घरातून जावा म्हणून ती लग्न झाल्यापासून तळमळत होती.

तो होता पूनमचा टाक.

पूनम म्हणजे तिच्या नवऱ्याची, सागरची, पहिली बायको. डेंग्यूच्या तापात गेली. कपाळावर कुंकू घेऊन गेली म्हणून देवात जमा झाली. बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उठवलेली बाईची आकृती, लुगडं, बांगड्या आणि उजव्या गालावर एक बारीक टिंब. पूनमच्या गालावर तीळ होता, तो सोनारानं हौसेनं काढला होता. दुसरेपणावर आलेल्या बाईनं सवतीचा असा टाक काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात बांधायचा, ही जुनी रीत. नवी साडी आली की आधी टाकाला लावायची, मग नेसायची. गोडधोड केलं की आधी टाकाला दाखवायचं, मग जिभेवर ठेवायचं. म्हणजे मेलेली सवत जळत नाही म्हणे. जिवंत बाई जळते तिचं काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही.

समीक्षा हिवरा आश्रम या गावाकडची, बी.ए. झालेली. सासूनं, गोजरबाईंनी, टाक बांधला तेव्हा तिला हसूच आलं होतं. पण गोजरबाई स्वतःही दुसरेपणाच्याच. त्यांच्याही गळ्यात त्यांच्या सवतीचा टाक होता, घासून घासून असा गुळगुळीत झालेला की वर बाई आहे की मासोळी, ते ओळखू येऊ नये. सासरे उकंडराव आताशा विसरभोळे झाले होते. ते ओट्यावरून हाक मारायचे, "अन्नपूर्णे, चाय आन व!" अन्नपूर्णा हे त्यांच्या पहिल्या, मेलेल्या बायकोचं नाव. आणि गोजरबाई मुकाट्यानं "आनतो जी" म्हणत कपबशी घेऊन जायच्या. सवतीच्या नावाला ओ देणारी ही बाई संत म्हणावी की दगड, हे समीक्षाला अजून ठरवता आलं नव्हतं.

तिला स्वतःला काही ते जमेना. मेल्या म्हशीला मणभर दूध, तसं पूनमचं झालं होतं. कढी केली तर, "पूनम जिऱ्याची फोडणी द्यायची, घरभर वास सुटे." संत्र्याची बाग फुलली तर, "पूनमच्या हातची झाडं हायेत." सागर काही वाईट माणूस नव्हता, आणि दुखणं नेमकं तिथेच होतं. बांधावर उभा राहून तो सांगायचा, "बागेले ताण दिला, पानी तोडलं, का सारे पानं गळून पडते. झाड मेलं, असंच वाटते. अन् मंग पानी सोडलं का फुलानं लदबदते. माह्यात एवढा धीर नव्हता. पूनमनं धरला." असं बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी येई. समीक्षासाठी ते कधी आलं नव्हतं. भांडखोर सवत असती तर तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. पण जी म्हातारी होत नाही, चुकत नाही, उलटून बोलत नाही, तिच्याशी भांडायचं कसं? समीक्षा जळत होती, सरळ सरळ जळत होती. सागरच्या कुशीत शिरावं, तर तो थंडगार पत्रा छातीवरून घसरून दोघांच्या मधोमध येऊन पडायचा.

यंदा सणाला सागरनं जळगाव जामोदच्या बाजारातून तिच्यासाठी जांभळी साडी आणली. कोणाला न विचारता, स्वतःच्या मनानं आणली. समीक्षाला आभाळ ठेंगणं झालं. तिनं घडी मोडायला हात घातला, तेवढ्यात गोजरबाई म्हणाल्या, "आंधी पूनमले लाव." तिनं लावली. गोजरबाईंनी सुस्कारा सोडला, "जांभळा म्हंजे पूनमचा जीव." सागरनं मान खाली घातली. समीक्षानं साडी तशीच घडी करून कपाटात टाकली, आणि मनाशी काय ठरवायचं ते ठरवलं.

सकाळी मुखवटे उतरवण्याआधी गोजरबाईंनी तिला समोर बसवून शब्द घोकून घेतले होते. या घरात 'जा' म्हणायचं नाही. माणूस दुकानात निघाला तरी 'येतो' म्हणून निघतो, इथे तर देवी. अक्षता टाकायच्या आणि म्हणायचं, "घर तुहं, चूल तुही, मानसं तुही. आली तशी येजो, माय."

"एवढं काऊन जपायचं, आत्याबाई? देवीच ती, येईलच पुढच्या वर्षी."

"तसं नाही, माय. देवाले बी मरन हाये." गोजरबाई वाती वळता वळता बोलत होत्या. "होळीत कामदेव जळते. राखुंडी होते त्याची. पन रती बसली त्याले बलावत, म्हनून आला तो परत. आपल्या महालक्ष्म्या आज सरते अन् भादव्यात पुन्हा उभ्या रायते. सोताहून कोनी येत नाही. कोनीतरी 'येजो' म्हना लागते."

"आणि माणसं?"

गोजरबाईंची वात वळायची थांबली. "मानसासाठी सारे रडते. 'काऊन गेली' म्हनते. पन घर तुहं, चूल तुही, असं मेलेल्याले कोन म्हनन? भेव वाटते." त्यांचा हात गळ्यातल्या गुळगुळीत पत्र्यावर गेला. "म्हनून मानसं येत नाही."

मग त्यांनी पुन्हा एकवार म्हणून घेतलं. घर तुहं, चूल तुही, मानसं तुही.

उन्हं कलल्यावर समीक्षानं काळा दोरा कात्रीनं कापला, टाक टोपलीत खाली दडवला आणि पदर गळ्याभोवती घट्ट ओढून निघाली. वाटेत शेजारच्या जनकाबाई भेटल्या. त्यांच्याही डोक्यावर टोपली होती. समीक्षाच्या कपाळावर आठी उठली, पण 'नको' म्हणणार कसं? जनकाबाई फुलोऱ्यातल्या करंज्या कशा बिघडल्या ते सांगत होत्या, आणि समीक्षा आतल्या आत आपले शब्द जुळवत होती. 'जा. इथं तुझं काही नाही. पुन्हा येऊ नको.' या घरात आजवर कोणी कोणाला म्हटलं नसेल, ते ती आज म्हणणार होती. त्या नुसत्या विचारानंच तिला बरं वाटत होतं.

नदीला गढूळ, जड पाणी होतं. कुजक्या पाल्याचा वास काठावर साचून राहिला होता. समीक्षा घोट्याएवढ्या पाण्यात उतरली आणि टोपली उपडी केली. फुलं वाहत पुढे गेली. टाक गेला नाही. चांदीचा पत्रा तो, टाकल्याबरोबर बुडायला हवा. तो तिच्या पायाशी पाण्यावर उताणा राहिला, तिच्याकडे तोंड करून.

तिनं ओठ उघडले.

"म्हन ना व," बाजूनं जनकाबाई म्हणाल्या. त्या तिच्या तोंडाकडेच बघत होत्या. "मुकी काऊन झाली?"

समीक्षा दचकली. आणि जिभेवर सकाळपासून जे घोळत होतं, तेच घसरलं. "घर तुहं, चूल तुही, मानसं तुही. आली तशी येजो, माय."

शेवटचा शब्द ओठाबाहेर पडला आणि तिला उमजलं, आपण कोणाकडे बघत बोललो ते. टाक अलगद कुशीवर वळला आणि खाली गेला. पाण्यावर बुडबुडासुद्धा आला नाही.

"झालं," जनकाबाई हात जोडून म्हणाल्या. "आता येते ते."

परतताना समीक्षानं मनाची समजूत घातली. शब्द काय, सगळ्यांनाच म्हणतात. गळा हलका झाला हे खरं. आज साडीची घडी मोडायची, कोणाला न दाखवता नेसायची. जनकाबाई आपल्या घराशी वळल्या. पुढे कुंपणाकुंपणानं जाणारी वाट होती, आणि त्या वाटेवर समीक्षा एकटी.

मागून जोडवी वाजली.

ओल्या पायांतल्या जोडव्यांचा आवाज वेगळा असतो. दगडावर टक् होतं आणि मागोमाग पाणी चपचपतं. समीक्षानं मागे पाहिलं नाही. तिनं पावलं उचलली, आवाजानंही उचलली. नदीतल्या गाळाचा वास तिच्या खांद्यापाशी आला, क्षणभर तिथेच घुटमळला… आणि पुढे गेला. वाटेवर कोणीच नव्हतं. पण तिच्या पुढे, कोरड्या मातीत, एकेक ओलं पाऊल उमटत चाललं होतं. घाईनं. खूप दिवसांनी माहेरवाशीण घरी निघावी तशा घाईनं.

"थांब…" समीक्षा म्हणाली. मग धावली. पण स्वप्नात धावावं तसं झालं. पाय उचलत होते, वाट सरत नव्हती.

ती घराशी पोचली तेव्हा वीज गेलेली होती. देवघरात समई तेवढी जळत होती. पहिल्या दिवशी हळदीकुंकवानं काढलेली महालक्ष्मीची पावलं उंबऱ्यापासून आत गेली होती, आणि त्यांच्यावर नेमकी पावलं टाकत आणखी एक जोडी. ओली.

घरात जिऱ्याच्या फोडणीचा वास सुटला होता.

"अजून वाढू का कढी?" स्वयंपाकघरातून आवाज आला. समीक्षानं तो ओळखला. तो तिचाच होता.

"वाढ," सागर म्हणाला. मग त्यानं आणखी एक भुरका मारला. "समीक्षा… आज काय केलं व तू? अशी कढी मी… लय दिवसानं खाल्ली."

समीक्षा उंबऱ्यातून बघत होती. चुलीच्या उजेडात एक बाई बसली होती. समीक्षाची साडी, समीक्षाचा चेहरा, ओले केस पाठीवर मोकळे सोडलेले. उजव्या गालावर एक बारीक तीळ. सागर तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत ते पाणी आलं होतं. समीक्षानं ज्याची लग्नापासून वाट पाहिली, ते हेच पाणी.

"अहो," तिनं हाक मारली. "अहो, मी इथं आहे… ती कोण आहे बघा…"

कोणी वळलं नाही. तिला भीती वाटायला हवी होती. पण आधी वाटला तो मत्सर. आपल्याच तोंडाचा, आपल्याच हातांचा मत्सर. त्या हातांनी आता सागरच्या ताटात कढी वाढली आणि त्याच्या मनगटाला जरा जास्तच वेळ स्पर्श केला.

गोजरबाई देवघरातून उठल्या आणि उंबऱ्याकडे आल्या. त्यांनी एकट्यांनी मात्र खाली बघितलं, थेट समीक्षाकडे. खाली काऊन बघतात, असं तिच्या मनात आलं. मग गोजरबाईंचा भलामोठा हात वरून उतरला आणि त्यांनी तिला दोन बोटांत उचललं. पाय उचलावा, पळावं, म्हणून समीक्षानं जोर केला. पाय कुठेच नव्हते.

"टाक पडला होता व तुहा," गोजरबाई मोठ्यानं म्हणाल्या. "दोरा तुटला वाटते."

"अरे देवा," ती बाई म्हणाली. "पूनमताई पडली का?"

सागर हात धुऊन जांभळी साडी घेऊन आला. "आज त नेस. सन सरला सारा." आणि मग नेहमीच्या सवयीनं, मऊ आवाजात म्हणाला, "आंधी पूनमले लाव."

"हाव," ती बाई हसली. "आंधी पूनमले."

जांभळं रेशीम समीक्षाच्या डोळ्यांवर आलं, नव्या कापडाच्या वासासकट. तिची साडी, तिच्यासाठी आणलेली. रेशीम क्षणभर टेकलं आणि उचललं गेलं. सगळे रडतील, पण पूनमसाठी. नैवेद्य येईल तोही पूनमच्याच नावानं. तिला कोणी 'काऊन गेली'सुद्धा म्हणणार नव्हतं.

गोजरबाईंनी नवा काळा दोरा ओवला. सागर समई पुढच्या खोलीत घेऊन गेला, तेवढ्यात गोजरबाई मागून त्या बाईच्या मानेशी वाकल्या आणि एकावर एक गाठी मारू लागल्या. समीक्षाला पाठीशी ऊब लागली. आत हृदय ठोकत होतं, दमदार, नव्यासारखं.

"गाठ सोडू नोको, माय," गोजरबाई कानाशी कुजबुजल्या. "नदीवर त मुळीच नोको जाऊ. म्या अजून सोडली नाही."

बाहेर ओट्यावर उकंडराव खाकरले. "अन्नपूर्णे… चाय झाली काय व?"

"आनतो जी," गोजरबाई म्हणाल्या.

खांद्यावरून वाकताना त्यांच्या गळ्यातला गुळगुळीत टाक लोंबून समीक्षाच्या अगदी समोर आला होता. त्याला ना नाक राहिलं होतं, ना डोळे. तरी तो ओला होता. गोजरबाईंनी तो पदरानं कोरडा पुसला आणि चोळीत सारला. त्या दारापर्यंत पोचल्या नसतील, तोच चोळीवर तेवढ्याच जागी पुन्हा ओल फुटली.