मधली जागा

आम्हाला मिळालेलं घर चांगलं होतं. पाइनच्या फळ्यांच्या भिंती, वर ताडाच्या झावळ्या, आणि नदीकडे उघडणारी एक खिडकी. चुलीशेजारी भिंतीला एक फळी ठोकलेली होती, नेमकी माझ्या हाताला येईल अशी. ज्याने ती ठोकली त्याची बायको माझ्याच उंचीची असणार. ते फ्रेंच होते. त्यांचं काय झालं हे फ्लोरिडाच्या त्या किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक होतं, आणि घर मिळाल्यावर त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं.

मी मेन्सिया, सेगोव्हियाच्या एका शिंप्याची मुलगी. माझा नवरा हिनेस कप्तान ओकान्यांच्या तुकडीत शिपाई होता. त्यांनी फ्रेंचांचा किल्ला जिंकला, आणि मग तिथे आपल्या लोकांची वस्ती व्हावी म्हणून आम्हा बायकांना हवानाहून जहाजाने आणलं.

पहिल्याच आठवड्यात मी हिनेसला विचारलं, "त्यांना कुठे नेलं होतं रे?"

तो पट्टा घासत होता. "त्या वाळूच्या टेकड्यांपलीकडे. हात मागे बांधून. एकेकाला विचारलं, कॅथलिक की लुथरवाला? कॅथलिक म्हणाला, तो बाजूला उभा."

"आणि बाकीचे?"

"बायकापोरांना सोडलं," तो म्हणाला. पट्टा घासायचा त्याने थांबवला नाही. "धर्म सोडलेली माणसं होती, मेन्सिया. आणि आपली चांदीची जहाजं याच किनाऱ्यावरून स्पेनला जातात. ते काय इथे मका पेरायला आले होते?"

कप्तानसाहेबही हेच सांगायचे, आणि देवाचं आणि चांदीचं नाव एकाच श्वासात घ्यायचे. मला त्यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही.

सोडलेल्या बायकांपैकी एक, पेरेत, किल्ल्यातच राहिली होती. आमच्या शिपायांचे कपडे धुवायची. मोडकंतोडकं स्पॅनिश बोलायची. एका रविवारी प्रार्थना संपल्यावर तिने आमच्या पाद्रीबाबांना, फादर इलारियोंना, दारातच गाठलं.

"बाबा, त्यांना मातीत ठेवा," ती म्हणाली. "तिथे उघड्यावर आहेत. माझा माणूस पण आहे."

पाद्रीबाबा वाईट माणूस नव्हते. त्यांनी मान खाली घातली. "बाई, धर्म सोडलेल्यांना पवित्र जमिनीत जागा नाही. हा नियम मी केलेला नाही."

मागून कप्तान म्हणाले, "आणि माझ्याकडे रिकामी कुदळही नाही. आधी तटबंदी. यांचा राजा गप्प बसायचा नाही, आणि आपला चांदीचा ताफा लवकरच इथून जायचाय."

पेरेतने दोघांकडे पाहिलं आणि कपड्यांची टोपली उचलून ती नदीकडे गेली. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

मला पहिल्यांदा जाणवलं ते चर्चमध्ये. आमचं चर्च म्हणजे फ्रेंचांचं कोठार, क्रूस लावून केलेलं. लहानसंच, पण आम्हीही मूठभर होतो. सगळे आत मावून मागे मोकळी जागा राहायची. पुढच्या एका रविवारी मात्र शेवटचे काही शिपाई दाराबाहेर उभे होते. ऊन डोक्यावर होतं, तरी कोणी आत येईना.

मी मागे वळून त्रिस्तानला खुणावलं. हा त्रिस्तान हिनेसचा दोस्त, तोंडाने फटकळ.

"कुठे येऊ वहिनी?" तो कुजबुजला. "आत पाय ठेवायला जागा आहे का?"

मी समोर पाहिलं. माणसं गुडघ्यांवर बसली होती, आणि प्रत्येक दोघांच्या मध्ये जागा होती. शिंप्याच्या घरी वाढलेल्या पोरीला माप घ्यायला पट्टी लागत नाही. ती जागा एका पुरुषाच्या खांद्यांच्या रुंदीएवढी होती. कुठे थोडी जास्त, कुठे थोडी कमी, जशी वेगवेगळ्या माणसांची असते. माझ्या आणि हिनेसच्या मध्येही तेवढीच जागा होती. सरकावं म्हणून मी हालले, पण सरकले नाही. का, ते सांगता येत नाही. परक्या पुरुषाला खेटून बसायला जसा संकोच वाटतो, तसा वाटला.

त्यानंतर मी बघायला लागले. विहिरीवर बायका आपली पाळी आली तरी थोडं थांबून मग पुढे व्हायच्या. दोन घरांमधल्या बोळात शिपाई अंग चोरून भिंतीला लागायचे, कोणाला तरी वाट द्यायचे, आणि मग चालू पडायचे. त्यांना विचारलं तर त्यांच्या लक्षातही नसायचं. जेवणाच्या लांब बाकावर पूर्वी सगळे बसायचे, आता निम्मे जमिनीवर पानं घेऊन बसायला लागले.

"बाक लहान केला की काय कोणी?" त्रिस्तान म्हणाला.

पलीकडच्या गावातल्या, इथल्या मूळच्या तिमुकुआ लोकांच्या बायका मका आणि मासे घेऊन यायच्या. आधी त्या थेट अंगणात येत. आता टोपल्या दाराबाहेर ठेवून थांबायला लागल्या. त्यांच्यातल्या एका म्हातारीला मी खुणेने आत बोलावलं. तिने माझ्या खांद्यावरून अंगणात पाहिलं. हाताची बोटं एकमेकांना चिकटवून तिने मला दाखवली, घट्ट. मग मान हलवली.

घरात मी काही बोलले नव्हते. एके दुपारी हिनेस जेवायला आला आणि उंबऱ्यातच थांबला.

"काय झालं?"

"काही नाही. तू एकटीच आहेस ना?"

"मग आणखी कोण असणार?"

तो आत आला, पण टेबलापाशी बसला नाही. भिंतीला पाठ लावून उभ्याउभ्या जेवला. ज्या फळीवर मी मीठ ठेवायचे, तिच्याकडे तो अधूनमधून बघत होता. तिच्याकडे म्हणजे तिच्या थोडं अलीकडे, जिथे कोणी उभं राहिलं असतं तर त्याचा चेहरा आला असता.

"हिनेस," मी म्हटलं, "पाद्रीबाबांना सांग. त्या लोकांना पुरू दे म्हणावं."

तो लगेच गेला. मला वाटलं होतं त्याला पटवावं लागेल.

पाद्रीबाबांनीही या वेळी नियम काढला नाही. चर्चच्या दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरायचं ठरलं. कप्तानांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण माणसं दिली. सकाळी आम्ही सगळे टेकड्यांपलीकडे गेलो. पेरेत मागून आली. वारा पडलेला होता, वाळू पांढरीशुभ्र. शिपायांनी खणायला सुरुवात केली.

काही लागलं नाही. कपड्याची चिंधी नाही, पट्ट्याचं बक्कल नाही, हाड नाही. हिनेस एका जागेवरून दुसऱ्या जागी जात होता. "इथेच होते," तो म्हणत होता. "अरे, मी स्वतः इथे होतो. याच झुडपापाशी." त्याने कुदळ टाकली आणि हातांनी वाळू उपसायला लागला.

"जनावरांनी नेलं असेल," कप्तान म्हणाले.

"सगळ्यांना?" पाद्रीबाबांनी विचारलं.

पेरेत वाळूकडे बघतच नव्हती. ती किल्ल्याकडे तोंड करून उभी होती.

तिथून परतल्यावर माणसं घरात झोपेनाशी झाली. तटाच्या सावलीत, होड्यांत, कुठेही पडायची. घरात गुदमरतं, एवढंच सांगायची. कप्तान चिडले. नदीच्या मुखाशी परक्या जहाजाची शिडं दिसल्याची बातमी आली होती, आणि त्यांची शिबंदी मेंढरांसारखी विखुरलेली होती. त्यांनी भर दुपारी सगळ्यांना हत्यारांसकट नदीकाठी बोलावलं.

मी धुण्याच्या दगडांवर पेरेतजवळ होते. तिथून अख्खी रांग दिसत होती.

"खांद्याला खांदा!" कप्तान ओरडले. "एका रांगेत!"

माणसं उभी राहिली. प्रत्येकाच्या मध्ये जागा.

"बहिरे झालात का? खांद्याला खांदा म्हटलं मी!"

"लावलाय, साहेब," पहिला शिपाई म्हणाला.

"लावलाय," दुसरा म्हणाला, आणि मग तिसरा. ते खोटं बोलत नव्हते. त्यांचे चेहरे मला दिसत होते. गर्दीत उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे होते ते. हनुवट्या वर, कोपरं अंगाशी आवळलेली.

कप्तान पुढे आले. दोन शिपायांच्या मधल्या जागेत त्यांनी हात घातला. थोडा वेळ तो तसाच राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला, तळव्याकडे पाहिलं, आणि विजारीला पुसला.

"आणखी सरका," ते म्हणाले. आवाज बदललेला होता.

रांग हलली, पण जवळ आली नाही. ती लांब झाली.

हिनेस शेवटच्या टोकाला होता. त्याच्या पलीकडे काठ उतरता होता आणि खाली पाणी. त्याचा एक पाय चिखलात गेला.

"ढकलू नकोस रे, त्रिस्तान!"

"मी कुठे ढकलतोय?" त्रिस्तान त्याच्यापासून हातभर लांब होता. "मलाच इकडून रेटतायत!"

हिनेस गुडघाभर पाण्यात गेला. मग कमरेएवढ्या.

मी ओरडले. पळत सुटले. "हिनेस, बाहेर ये! हात दे!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. छातीवर लोखंडी चिलखत होतं, पाणी त्याच्यावर चढत होतं. तो हात वर करायचा प्रयत्न करत होता. खांदे हलत होते, हात वर येत नव्हते.

"मेन्सिया," तो म्हणाला, "जागाच नाही गं."

पाणी त्याच्या तोंडापर्यंत आलं.

मग डोक्यावरून गेलं.

कोणी हललं नाही. त्रिस्तान रडत होता, पण जागेवरून सुटत नव्हता. "रांग मोडा!" कप्तान किंचाळले. "मोडा म्हणतो ना!"

तेव्हा सगळे एकदम मोकळे झाले. काही तर तोल जाऊन पडले.

त्याला बाहेर काढलं तेव्हा उशीर झाला होता. अंग मी धुतलं. दोन्ही दंडांवर, खांद्यापासून कोपरापर्यंत, काळेनिळे वळ होते, गच्च आवळल्यासारखे. रांगेत त्याच्या एका बाजूला त्रिस्तान होता, तोही हातभर लांब. दुसऱ्या बाजूला नदी होती.

किल्ला सोडायचं कप्तानांनी त्याच दिवशी ठरवलं. लोकांना त्यांनी ताप पसरल्याचं सांगितलं; वरही तेच कळवणार होते. हवानाचं जहाज येईपर्यंत आम्ही उघड्यावर, नदीकाठी राहिलो. हिनेसला चर्चच्या आवारात पुरलं होतं. मी रोज जायचे. पाद्रीबाबा माझ्यासाठी लांबच उभे राहायचे.

जहाज आलं. आम्ही चढलो. सामान जवळजवळ काहीच नव्हतं. तोफासुद्धा कप्तानांनी तिथेच टाकल्या. जहाजाचा तांडेल आमच्यातला नव्हता, त्याला काही ठाऊक नव्हतं. तो कठड्यावरून वाकून पाण्याची रेघ बघत होता.

"कप्तान, काय भरलंय तुम्ही खाली?" त्याने विचारलं. "ही एवढी खोल कशी बसली? नदीच्या मुखावरच्या वाळूला घासेल."

"काही भरलेलं नाही," कप्तान म्हणाले. "शीड उभारा."

जहाज वाळूला घासलं, अडलं, आणि भरतीच्या पाण्याने कसंबसं सुटलं. किनारा मागे पडला. उन्हात सगळे डेकवर बसले होते, एकमेकांपासून अंतर ठेवून, आणि आता त्याबद्दल कोणी तक्रार करत नव्हतं.

पेरेत शिडाच्या सावलीत बसली होती. तिला मी कधी झोपलेली पाहिली नव्हती. आता ती गाढ झोपली होती, चेहरा शांत. मान डावीकडे कलली होती, गाल निवांत टेकलेला, उशाला कोणाचा तरी खांदा असावा तसा. डुलणाऱ्या जहाजावर ती तशीच, न हलता, झोपून राहिली. तिच्या डावीकडे मोकळा डेक होता.