ठमीबाईचं रक्त

हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या, पोरांनो. मग हसू फुटणार नाही. जीवन आमच्याच आळीतला. करंजा बंदराची मासळी टेम्पोने वाशीला पोचवतो. भुताखेतांना न मानणारा गडी. गेल्या डिसेंबरची नऊ तारीख, मंगळवार, रात्रीचा सव्वा वाजला होता.

त्याची आई ठमीबाई उरणला इस्पितळात महिनाभर पडून होती. हृदयाची झडप आकसलेली, आणि त्यात शौचावाटे काळं रक्त जायचं. रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद केल्या, तरी थांबेना. सात पिशव्या चढवल्या. वरून भरायचं, खालून गळायचं. पोट उघडून बघू, असं एक सर्जन म्हणत होता. त्यात ती टेबलावरच जाईल, हे जीवनला दिसत होतं. बिचारा पार खचला होता.

डॉक्टर सुश्रुतांना मात्र वेगळाच संशय होता. "अरुंद झडपेतून जाताना रक्त गोठवणारा घटकच तुटतोय. तपासणीत तसं निघालं, तर झडप बदलली की रक्त थांबेल." त्या रात्री त्यांनी जीवनच्या हातात रक्ताची नळी दिली. "वाशीची लॅब रात्रभर उघडी असते. खिशात ठेवून न्या, बर्फात अजिबात नको. पुन्हा करायला वेळ नाही आपल्याकडे."

खिशात! जन्म बर्फात गेलेल्या माणसाला हे कसं पटावं? बर्फाविना मासळी नासते, आणि हे तर आईचं रक्त. डॉक्टर घाईत उलटं बोलले असतील, असं त्याला वाटलं. अति शहाणा! गावाबाहेर टेम्पो थांबवून त्याने मागच्या पेटीत नळी बर्फात खोल खोचली आणि निघाला.

मिठागरांचा रस्ता. एरवी तिथे ट्रेलरांची रांग असते. त्या रात्री एकही नाही.

"थंडी वाजते रं..."

आवाज डावीकडून आला. जीवनने तिकडे बघितलं नाही. आवाज बापाचा होता. बापाला, चांगदेवदादाला, जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हा जीवन ट्रेलर घेऊन गुजरातला गेलेला. लेक येईपर्यंत म्हणून मढं बर्फाच्या लाद्यांवर ठेवलेलं.

"दोन दिस बर्फावर व्हतो मी... तुजी वाट बगत."

जीवनने टेम्पोचा वेग वाढवला.

"आता तिला पन ठेवलास?"

ब्रेक. धावत मागे. पेटी. बोटं बधिर. नळी सापडेना... सापडली. काखेत धरली. रडत, बापाची माफी मागत, एका हाताने टेम्पो हाणत तो वाशीला पोचला. "चांगली आहे ना? चालंल ना?" लॅबमधल्या मुलीला तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

चालली; नळी बर्फात जेमतेम काही मिनिटंच राहिली होती. डॉक्टरांचा संशय खरा निघाला. बर्फाने नेमका तोच घटक बिघडतो. नळी वाशीपर्यंत बर्फातच राहिली असती, तर रिपोर्टवर कोणी विश्वास ठेवला नसता. झडप बदलली, रक्त थांबलं. ठमीबाई आज अंगणात सुकट निवडत बसते.

पण त्या रात्री नळी देऊन तो टेम्पोकडे आला, तेव्हा अडीच वाजले होते. डावीकडची सीट रिकामी. दार आतून बंद.

बेल्ट लावलेला होता...

आणि तो सीटला टेकलेला नव्हता. एका माणसाच्या छातीएवढी जागा सोडून ताणलेला होता.