दोन ठोके पास, एक ठोका बाद

ही गोष्ट खरी आहे. शपथ मी घेत नाही. ज्याला विश्वास ठेवायचा नसतो तो शपथेवरही ठेवत नाही.

मी राजगुरुनगरला शाळेत गणित शिकवतो. भुताखेतांच्या गप्पांचं मला वावडं आहे. पण निवेदिता माझी मावसबहीण, आणि तिला खोटं बोलता येत नाही. लहानपणी तिच्या या खोडीपायी मी किती मार खाल्लाय ते माझं मलाच ठाऊक.

गेल्या वर्षीचा जानेवारी. तिसरा मंगळवार. जागा चिखली, तिसऱ्या मजल्यावरचा तिचा वन बीएचके. वेळ... सकाळचे अकरा.

हो, सकाळचे. भूत रात्रीच येतं असं ज्याने ठरवलं, त्याने थर्ड शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी, कधी केलेली नसणार.

निवेदिताची नोकरी ऐकण्याची आहे. निघोज्याच्या बाजूला गिअरबॉक्स बनवणारी एक कंपनी आहे. नाव सांगत नाही. तयार गिअरबॉक्स लोखंडी टेबलावर येतो, मोटर त्याला फिरवते आणि निवेदिता हेडफोन लावून ऐकते. समोर कॉम्प्युटरवर ग्राफही येतो, पण शेवटचा शब्द कानाचा. कारखान्यात एवढा गोंगाट की शेजारच्याने शिवी दिली तरी कळायची नाही. म्हणून तिथे एक जुनी पद्धत आहे. माल पास असेल तर टेस्ट करणारा बोटं मुडपून टेबलाच्या कडेवर दोन ठोके देतो आणि मालावर निळ्या पेंटचा ठिपका लावतो. बाद असेल तर एकच ठोका. पुढे माल उचलणाऱ्याचा हात त्याच लोखंडावर असतो. कानाला नाही कळलं तरी हाताला कळतं.

त्या महिन्यात तिच्या कानांवरच बालंट आलं होतं.

क्वालिटीचे नंदकिशोर साहेब म्हणाले, ग्राफ पास दाखवतो आणि तू बाद करतेस. उघडून पाहावं तर काही निघत नाही. तुझे कान मशीनपेक्षा मोठे आहेत का? आणखी एकदा असं झालं तर पॅकिंगला जायचं.

पॅकिंग म्हणजे दिवसभर खोक्यांना पट्ट्या मारायच्या. कामाची लाज तिला नाही. पण तिच्या कानांना कोणी खोटं म्हणावं, हे तिला सोसवेना. आणि खरं सांगायचं तर तिचं तिलाही वाटू लागलं होतं, की आपल्याला भास तर होत नाहीत ना?

त्यातच घरच्या कॉम्प्युटरचा आवाज गेला. डाव्या कानात खरखर, उजव्यात काहीच नाही. शिफ्टवरून आली की ती तासभर तानपुरा लावून गाते, ते रेकॉर्ड करते, आणि मग तासभर गोळीबाराचा ऑनलाइन गेम खेळते. आमची मावशी म्हणायची, एका हातात जपमाळ आणि दुसऱ्यात तलवार. तर दोन्हीला चालेल असं, खिशाला परवडेल असं साउंड कार्ड तिला हवं होतं.

चिखलीतच मीरासाहेबांचं जुन्या-नव्या कॉम्प्युटर पार्ट्सचं दुकान आहे. सोलापूरकडचे. माणूस सरळ. निवेदिता स्वतःचे हेडफोन आणि पेनड्राइव्ह घेऊन गेली. त्यात तिचा तानपुरा आणि गेमची दोन मिनिटं. निवडायची तिची रीत वेगळी. ती म्हणते, साउंड कार्ड घेताना आधी आवाज ऐकू नये, शांतता ऐकावी. काही न वाजवता आवाज पूर्ण वाढवायचा आणि कान द्यायचा.

पहिलं कार्ड अंगठ्याएवढं, तीनशे रुपयांचं. शांततेत पाणी तापल्यासारखा सूं आवाज. गेममध्ये पावलं डावीकडून आली की उजवीकडून, कळेना.

दुसरं नवंकोरं, लाल-हिरवे दिवे लागणारं. स्फोट दणदणीत. तानपुरा मात्र ढोलासारखा. शिवाय बजेटच्या दुप्पट.

मग तिची नजर वरच्या फळीवर गेली. काळा, पत्र्याचा, जेवणाच्या डब्याएवढा एक्स्टर्नल कार्डचा खोका. जुना. वर कोपऱ्यात निळ्या पेंटचा ठिपका.

तिने तो लावला. आवाज पूर्ण वाढवला.

काही नाही...

सूं नाही, खरखर नाही. पलीकडे कोणीतरी श्वास रोखून बसावं अशी शांतता. तानपुरा लावला तर षड्जाच्या पोटातला गंधार लख्ख ऐकू आला. गेममध्ये मागून येणारा माणूस किती पावलांवर आहे तेही सांगता यावं.

मीरासाहेब म्हणाले, "ताई, खोटं नाही बोलणार. हा डबा दोनदा परत आलाय."

"का? आवाज येत नाही?"

"चांगला येतो. जास्तीचा येतो, म्हणतात. कुठल्याशा कंपनीच्या टेस्टिंगच्या भंगारातला माल आहे. नका घेऊ."

घेऊ नका म्हटलं की आमची बाई घेणारच. साडेसातशेला तिने तो उचलला.

आता तो मंगळवार. थर्ड शिफ्ट करून आली, चहा घेतला, पडदे ओढले, गेम लावला. ती एका पडक्या गोदामात दबा धरून बसली होती. सगळं शांत.

टक.

एकच ठोका. मागून.

ती गर्रकन वळली. शत्रू दारातच होता. तिने त्याला उडवलं. चांगलं कार्ड आहे, ती मनात म्हणाली.

पाच मिनिटांनी पुन्हा... टक. पुन्हा मागे माणूस. पण या वेळी पावलांचा आवाज ठोक्यानंतर आला.

तिने गेम बंद केला. तानपुरा लावला, गायला बसली. खालच्या सप्तकात गंधार जरासा उतरला.

टक.

तिने थांबून पुन्हा लावला. बरोबर लागला.

टक... टक.

एक ठोका बाद, दोन ठोके पास. ही भाषा चिखलीत कोणाला ठाऊक असणार? तिने हेडफोन काढून गादीवर फेकले. कार्डाची वायर उपटली. घर चिडीचूप झालं. खाली शाळेची बस गेली, कुकरच्या शिट्ट्या झाल्या.

आणि टेबलाच्या लाकडातून, तिच्या तळहाताखालून... टक टक.

दुसरी कोणी असती तर डबा विहिरीत नाही तर इंद्रायणीत फेकून आली असती. निवेदिता कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि रिकाम्या खोलीला म्हणाली, "माझ्या घरात मला मार्क द्यायचे नाहीत." मग चादर ओढून झोपली. झोप लागली नाही, हेही तिनेच सांगितलं.

डबा तिने परत केला नाही. हट्ट म्हणून ठेवला. पण हट्टाचं कधी सवयीत रूपांतर झालं ते तिलाही कळलं नाही. ठोका कधी चुकायचा नाही. गाणं सुधारलं. गेममध्ये तिला हरवणं मुश्कील झालं. पंधरा दिवसांत ती स्वतः ऐकायच्या आधी ठोक्याची वाट पाहू लागली. शत्रूचं पाऊल, उतरलेला स्वर, सगळं आधी ठोक्याला कळणार, मग तिला.

फक्त एकदा घोटाळा झाला. गेममध्ये मागे टाइमबॉम्ब लावला होता. त्याची ती बारीक, टोकदार पिप् पिप् तिला ऐकू येत होती. पण ठोका आला नाही, म्हणून ती जागची हलली नाही. गेम खलास. तिने ते मनावर घेतलं नाही.

इथेच ती चुकली, असं मला वाटतं. ज्या कानांसाठी ती साहेबांशी भांडत होती, तेच कान तिने एका डब्याकडे गहाण ठेवले.

फेब्रुवारीत तिची फर्स्ट शिफ्ट लागली. सकाळच्या चहाला गोजाबाई भेटली. निघोज्याची, वीस वर्षं कंपनीत झाडू मारते. निवेदिताने सहज विचारलं, टेस्टिंगच्या जुन्या डब्यावर निळा ठिपका कोण लावायचं?

गोजाबाईने कप खाली ठेवला. "आबाजी. ठोक्याची रीत त्यानंच घातली. तुमच्या आधी तोच बसायचा त्या टेबलावर. काय कान व्हता! पर शेवटाला कान गेला व्हता, पोरी."

"बहिरे झाले होते?"

"मोठं समदं ऐकू यायचं. बारीक आवाज न्हाई. मी मागनं काकणं वाजवली तरी वळायचा न्हाई. कोनाला सांगितलं न्हाई त्यानं. रिटायर व्हायला दोन महिनं व्हते, कशाला सांगंल? बारीक आवाजाचा माल आला की आपलं दोन ठोकं देऊन मोकळा." तिने पदराने तोंड पुसलं. "मग तसला माल बसवलेल्या एका गाडीचा गिअर घाटात अडकला म्हनं. मानसं वाचली का न्हाई, आमाला कोन सांगतंय. त्या दिसापासनं तो जेवला न्हाई. आठ दिसांत गेला."



त्याच सकाळी, दहा वाजता, साठ गिअरबॉक्सचा लॉट आला. शाळेच्या छोट्या व्हॅनसाठीचा माल. दुपारी गाडी भरायची होती. नंदकिशोर साहेब स्वतः येऊन मागे उभे राहिले. पुढे माल उचलायला एहसान होता, लोखंडावर तळहात टेकून.

पहिला गिअरबॉक्स फिरला. ग्राफ हिरवा.

आणि त्या सगळ्या घरघरीच्या तळाशी... एक बारीक शीळ. सुईसारखी. ऐकली असं वाटावं तोवर गायब, पुन्हा आली.

तिने डावा हात टेबलावर ठेवला होता. कार्ड घरी होतं, कपाटात.

टक टक.

लोखंडातून. तिच्या तळहाताखालून. पास.

तिने मान वर केली. साहेब घड्याळ बघत होते. एहसानने माल उचलायला दुसरा हात पुढे केला. काहीही न करता ती नुसती गप्प बसली असती तरी माल पास झाला असता. नोकरी वाचत होती, साहेब खूश होत होते, आणि पंधरा दिवस ज्याच्या ठोक्यावर ती विसंबली होती तो सांगत होता, की सगळं ठीक आहे.

ती मला म्हणाली, "दादा, मला त्या क्षणी भीती भुताची नाही वाटली. मला वाटलं, मी जर आता हात उचलला नाही, तर उद्यापासून मला कधीच काही ऐकू येणार नाही."

तिने बोटं मुडपली आणि टेबलावर एक ठोका दिला.

टक टक... लगेच. जोरात.

तिने पुन्हा एक दिला.

टक टक. टक टक. टक टक. टेबलावरचा पाना थरथरू लागला. एहसानने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि तिच्याकडे बघत ओरडला, "मॅडम, नक्की काय? पास का बाद?"

म्हणजे त्यालाही कळत होतं.

निवेदिताने हेडफोन काढले. तळहात लोखंडावर दाबून धरला, वाकली आणि साहेबांच्या देखत त्या टेबलाला म्हणाली, "आबाजी, तुम्हाला ऐकू येत नाहीये. मला येतंय. पोरांची गाडी आहे. बाद."

आणि असा एक ठोका दिला की बोटाचं सालपट निघालं.

सगळं थांबलं...

किती वेळ, ते ती सांगू शकत नाही. मग लोखंडातून, अगदी हळू, परीक्षेत चुकलेल्या पोराने मान खाली घालावी तसा...

टक.

एकच.

साहेब भडकले. कोणाशी बोलतेस, डोकं ठिकाणावर आहे का, सगळं झालं. लॉट अडवून तीन गिअरबॉक्स उघडायला लावले ते तिला कायमची पॅकिंगला पाठवण्यासाठीच. पहिल्यात काही नाही. दुसऱ्यात काही नाही. तिसरा तिने बाद केलेला. त्यात बेअरिंगच्या कड्याला केसाएवढी चीर निघाली. पॅकिंगचा विषय पुन्हा निघाला नाही. एहसानने दुसऱ्या दिवसापासून हातमोजे घातले, ते आजतागायत.

मी तिला कितीदा सांगितलं, तो डबा मीरासाहेबांना परत दे. ती देत नाही. अजून त्यावरच गाते, त्यावरच खेळते. ठोके अजून येतात. पण आता आधी येत नाहीत. ती स्वतः ऐकते, बोटाने स्वतःचा निकाल देते, आणि मग तिच्या मागून तसाच ठोका येतो. जितके तिचे, तितकेच.

"शिकतायत," ती म्हणते. "ऐकायचं त्यांनी, ठरवायचं मी."

तिला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं.

कारण दिवाळीत मी तिच्याकडे गेलो होतो. दुपारची वेळ. ती फराळाचं आणायला खाली गेली होती. कॉम्प्युटर बंद. डबा टेबलावर, वायर गुंडाळून. मी खुर्चीत बसलो, टेबलावर हात टेकला आणि स्वतःशीच हसून मोठ्याने म्हणालो, "छे. इथे कोणी नाही."

तळहाताखाली...

टक.

तेव्हापासून फळ्यावर गणित सोडवून झालं की मी डावा हात टेबलावर ठेवतो आणि क्षणभर थांबतो. मुलं विचारतात, सर, उत्तर बरोबर आहे ना? मी लगेच हो म्हणत नाही.