बोटाएवढं पेन

“हे पेन नको, बसलं की टोचतं!” आतेभाऊ म्हणाला. वय बारा, बोलणं साठीचं, म्हणून सगळे त्याला प्राध्यापक म्हणत.

“हे खिशात गळतं!” शेजारची तोफ गरजली. तिने कानात सांगितलेलं गुपितही गल्लीभर पोचायचं.

प्राध्यापकाची मामेबहीण मुंगी वैतागली. सुट्टीतला नवा खेळ असा, की कुणीतरी लपवलेली डबी फोनवरच्या नकाशावरून हुडकायची, आतल्या कागदावर सही करायची आणि डबी जागच्या जागी ठेवायची. पेन मात्र ज्याचं त्याने न्यायचं. धावताना, चढताना अडचण होणार नाही असं घरात एकच होतं. आईचं! निळं, बोटाएवढं.

आई रुग्णालयात परिचारिका होती. नोकरी लागली त्या दिवशी आजोबांनी ते पेन तिला दिलं होतं. खिशाला ते लावल्याशिवाय ती कधी कामावर गेली नव्हती. रात्रपाळी असल्याने आत्ता ती गाढ झोपली होती.

“ती उठायच्या आत परत ठेवू,” मुंगी म्हणाली. पुष्कळशी संकटं याच वाक्याने सुरू होतात.

डबी बागेत सापडली, पंपघराच्या भिंतीतल्या कोनाड्यात, पाण्याच्या व्हॉल्व्हच्या लाल चाकामागे. सह्या झाल्या, आइस्क्रीम झालं आणि घराच्या दारात मुंगीने हात पुढे केला.

“पेन?”

“डबीत ठेवलं!” तोफ अभिमानाने म्हणाली. “काही घेतलं तर काही ठेवायचं, हा नियम आहे! मी ही शिट्टी घेतली!”

तिघं धूम पळत सुटली.

पाहतात तर काय, कोनाडा गायब! तिथे गुळगुळीत, ओलं प्लास्टर. गवंडी थापी धूत होता आणि बागेचे मुकादम खुर्चीत चहा पीत होते.

“काका, आमची डबी या भिंतीत आहे!”

“भिंतीत भिंतच असते! उद्या मोठे साहेब तपासणीला येणार आहेत. पळा!”

प्राध्यापकाने भाषणासाठी घसा खाकरला. मुंगीने त्याला चिमटा काढला. पलीकडे कारंजं थुईथुई उडत होतं. तिकडे पाहत ती गोड आवाजात म्हणाली, “भिंत झकास झालीय हं, काका! फक्त एक शंका. साहेब म्हणाले, कारंजं बंद करून दाखवा, तर कुठून करणार?”

मुकादमांचा कप ओठांशीच थांबला.

“अरे, व्हॉल्व्ह कुठाय?”

“आत,” गवंडी शांतपणे म्हणाला. “तुम्हीच म्हणालात, भिंतीत एकही भोक दिसता कामा नये.”

“ते भोक होतं का? फोड! आधी फोड!”

विटा निघाल्या. लाल चाक दिसलं, मागची डबी दिसली, डबीत पेन! मुंगीने ते झडप घालून उचललं. तोफेने आनंदाने शिट्टी फुंकली आणि मग मुकाट्याने ती डबीत परत ठेवली.

“पोरगी हुशार आहे,” मुकादम घाम पुसत म्हणाले. “साहेबांना मात्र यातलं काही बोलू नका.”

घरी आई गणवेश घालून उशा उलट्यापालट्या करत होती. मुंगीने पेन पुढे धरलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. आईने पेन खिशाला लावलं, वरून थोपटलं आणि मोठा श्वास सोडला.

“भिंत फोडून घेण्याइतकी अक्कल आहे,” ती म्हणाली, “मग मला उठवून विचारण्याइतकी का नव्हती?”

“चुकलं,” मुंगी म्हणाली. आई मात्र हसत होती. खणातून तिने पेन्सिलीचा एक आखूड तुकडा काढून मुंगीच्या हातावर ठेवला.

“हे घे. गळत नाही, टोचत नाही आणि हरवलं तर घरात कुणी उशा उलटत नाही!”