पूर्वेच्या तटावरचं नाव

वैशाखातली दुपार होती. आसेगावात त्या वेळी कुत्रंही सावली सोडत नाही. जानराव गवंडी मधल्या खोलीत गेला तो खुंटीवरचा ओळंबा घ्यायला. दुसऱ्या दिवशी नवं काम धरायचं होतं, आणि भिंत सरळ आहे की नाही हे दुसऱ्याच्या ओळंब्यानं पाहणं त्याला पटत नसे.

खोलीत त्याचा मुलगा मुन्ना संगणकावर लढाईचा खेळ खेळत होता. पडद्यावर जुन्या काळचं शहर, भोवती तट, बाहेर शत्रूचा वेढा. शहर राखायचं काम मुन्नाचं. पण पूर्वेचा तट तो बांधायचा आणि शत्रूचे हत्ती पाडायचे.

भिंत पडते म्हटल्यावर जानराव थांबला. त्याच्या हातची एकही भिंत आजवर पडली नव्हती, आणि हे गावाला ऐकवायला तो चुकत नसे. त्यानं विचारलं, पहिल्या दगडावर नाव कोणाचं घेतलं? मुन्ना हसला. पण त्यांच्या घराण्याची ती रीतच होती. कोपऱ्याचा पहिला दगड बसवताना घरातल्या सगळ्यात लहान लेकराचं नाव घ्यायचं. भिंत त्या नावावर उभी राहते. काम पुरं झालं की लेकराच्या तोंडात गुळाचा खडा घालायचा. मग नाव सुटतं.

"आपल्या संस्कृतीचं घे," जानराव म्हणाला.

मुन्नानं गंमत म्हणून तटाला आपल्या पोरीचं, संस्कृतीचं, नाव दिलं. हत्ती धावून आले. तट हलला नाही.

"बाबा, तुमची मिस्त्रीगिरी इथंबी चालते की."

जानराव मिशीत हसला आणि ओळंबा घेऊन अंगणात आला.

अंगणात संस्कृती भिंतीला पाठ लावून उभी होती. आठ वर्षांची पोर. हात पसरलेले, तळवे भिंतीला घट्ट. पायाखालची फरशी तव्यासारखी तापलेली, तरी ती जागची हलत नव्हती. सावलीत ये म्हणून त्यानं दरडावलं. तिनं मानही वळवली नाही. जवळ गेला तर ओल्या चुन्याचा वास आला. त्या घरात कित्येक वर्षांत चुना कालवलेला नव्हता.

आत खेळातला हत्ती तटावर आदळला. धप्प... आणि इथं पोरीचं अंग डोक्यापासून पायापर्यंत हादरलं. नाकातून पांढरी भुकटी गळली.

"आबा... मले हलवू नका," ती पुटपुटली. "मी हलली तं आतले सारे मरतीन."

जानरावाच्या हातून ओळंबा खाली पडला. त्यानं तिला उचलायला हात घातला. दगडाला हात घालावा तसं झालं. तो धावत जाऊन गूळ घेऊन आला, पण तिचे ओठ उघडेनात. वेढा उठला नव्हता. भिंतीचं काम अजून पुरं कुठं झालं होतं?

पुन्हा धडक बसली. पोरीच्या गालावर केसाएवढा तडा गेला.

तो खोलीत शिरला तेव्हा मुन्ना खिडकीतून पोरीकडेच पाहत होता. संगणकाची वायर त्याच्या हातात लोंबत होती. पडद्यावर लढाई तशीच चालू होती.

"वायर उपसली मी... बंद नाई होऊन राह्यलं, बाबा."

तट पडला तर पोर जाणार. तट टिकला तर ती तिथंच उभी राहणार. जानरावानं पडद्यावर तटाचा दरवाजा शोधला.

"दरवाजा उघड."

"सारं शहर जाईन..."

"जाऊ दे. शरण जाय. जानरावची भिंत हरली म्हण."

मुन्नानं दरवाजा उघडला. पडदा काळा झाला. बाहेर पोर कोसळल्याचा आवाज आला. जानराव धावला. तिचं अंग पुन्हा मऊ, गरम झालं होतं. गालावर तडा नव्हता. गूळ तिच्या तोंडात विरघळला, आणि आयुष्यात कोणापुढं न रडलेला तो म्हातारा तिला पोटाशी धरून रडला.

थोड्या वेळानं संस्कृती उठली. आत जाऊन पाण्याचा तांब्या भरून आणला आणि दारात उभी राहिली, लांबून आलेल्या पाहुण्यासमोर राहावं तशी. समोर नुसतं ऊन. तिनं तांब्या पुढं धरला. पाणी हळूहळू कमी होत गेलं. खालची माती कोरडीच होती.

"आणखी आणा, आबा," ती हळूच म्हणाली. "तटाच्या आतले लय जन हायेत... मांगचे तं अजून फाट्यावरच हायेत."